वरचं निवळ

तानुबाई मेली तेव्हा मी रडले नाही. नळावरच्या बायका अजून मला टोकतात, गुलशनभाभी, मेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. मी म्हणते, मग जित्या माणसाचं केलेलं वाईट कुठं नेऊन पुरू? माझा राग असाच आहे. लवकर येतो आणि एकदा आला की मुक्कामाला राहतो. पण ही हकीकत माझी नाही, माझ्या शेजारणीची आहे, कस्तुराची. ती कमी बोलते, म्हणून मी बोलते.

बासष्ट साली मी लग्न होऊन कासारवाडीला आले. आमचे हे, इकबाल, हमरस्त्यावर ट्रकचं गॅरेज चालवायचे. स्टेशनामागच्या चाळीत आमच्या आणि कस्तुराच्या खोलीत एकच भिंत. ती कुरुळीची. तेव्हा चाकणकडं सगळी शेतंच होती. तिचा नवरा भिवा पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर, आणि घरात सासू तानुबाई. बौद्धांचं घर. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, फळीवर बुद्धाची मूर्ती, आणि दारात चपला अशा सरळ लावलेल्या की आलेला पाहुणाही आपल्या चपला नीट करायचा. मी आले त्याच वर्षी कस्तुराला मुलगी झाली. नाव ठेवलं विशाखा, पण हाक सगळे विशी अशीच मारायचे.

आमची दोघींची ओळख भांडणातून झाली. पहिल्या ईदला मी हौसेनं शीरखुर्म्याची वाटी दिली, तर बाईनं ती उजेडात धरली आणि म्हणाली, "भाभी, ह्यात मुंगी हाय." मी बरेच दिवस तिच्याशी बोलले नाही. पण मुंगी होती, हे खरं. कस्तुराचे डोळेच तसे. तांदळातला खडा, चहातला केस, पदरावरचा डाग, काही सुटायचं नाही.

पुढं ह्याच डोळ्यांवर तिला नोकरी लागली. पिंपरीत औषधांची एक कंपनी होती, तिथं इंजेक्शनच्या भरलेल्या बाटल्या तपासायच्या खात्यात. दिव्यासमोर बसायचं, बाटली एकदा काळ्या पाटीपुढं धरायची, एकदा पांढऱ्या पाटीपुढं. आत धागा, काच, कण, काहीही तरंगताना दिसलं की बाटली बाद. तानुबाई तेव्हा सुनेवर खूश होती. नळावर सांगत सुटायची, "आमची सून कण पकडती. कण दिसला की भाईर. सायबाचं बी ऐकत न्हाई." मीही चिडवायचे, कस्तुरा, नवरा बघताना पाटीपुढं धरून बघितला होतास का? ती हसायची. तेव्हा हसायची.

विशी सात वर्षांची झाली आणि सुकायला लागली. सारखं पाणी प्यायची, सारखी मोरीत जायची, आणि मोरीच्या दगडाला मुंग्या लागायच्या. आधी आम्हाला वाटलं जंत असतील. मग एक दिवस पोर शाळेतच आडवी झाली. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं, साखरेचा आजार. इतक्या लहान पोरीला साखर? मला पटेना. पण डॉक्टर म्हणाले, लहान मुलांना होतो तो ह्यापेक्षा वाईट, रोज इन्सुलिन टोचलं नाही तर मूल जगत नाही.

ते इन्सुलिन बघून मी चकित झाले. रबरी बुचाची छोटी बाटली, खाली पांढरं बसलेलं आणि वर नितळ पाणी. डॉक्टरांनी कस्तुराला समजावलं ते तिनं मला समजावलं. साधं इन्सुलिन पाण्यासारखं असतं, अंगात गेलं की धावत सुटतं आणि काही तासांत संपतं. मग दिवसातून कितीदा टोचायचं पोरीला? म्हणून ते माशातून काढलेल्या कशाशी तरी आणि जस्ताशी बांधून त्याचे कण करतात. एकटा कण दिसणार नाही इतका बारीक. हे कण कातडीखाली पडून राहतात आणि दिवसभर थोडं थोडं औषध सोडत जातात. सकाळी एक सुई टोचली की दिवस निघतो.

"म्हणजे हे कण हमाल आहेत म्हण," मी म्हणाले.

"व्हय. पण बाटली ठिवली की हमाल खाली बसून घेत्यात. त्यांना उठवल्याबिगर औषध काढायचं न्हाई." मग तिनं बाटली दोन्ही तळहातांत धरून हळूहळू घोळून दाखवली. जोरात हलवायची नाही, फेस होतो. घोळायची. सगळी बाटली सारखी पांढरी झाली की मग सुई.

फ्रिज कुणाकडं होता तेव्हा? तिनं ओल्या वाळूत छोटं मडकं बसवलं आणि त्यात बाटली ठेवली. काचेची पिचकारी रोज उकळायची. निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून नळी दिव्यावर धरायची. निळं राहिलं तर बरं, विटकरी झालं तर साखर वाढलेली. कस्तुरा हे सगळं असं करायची की मला तिचं कौतुक वाटायचं. पोर परत भरली, गालावर मांस आलं, माझ्या अंगणात लंगडी खेळायला लागली.

अडचण कामाच्या पाळीची होती. एक आठवडा कस्तुराची पहिली पाळी असायची, एक आठवडा जनरल. जनरलला ती पोरीला टोचून, खाऊ घालून जायची. पण पहिल्या पाळीला अंधारातच निघावं लागायचं, आणि सुई टोचल्यावर अर्ध्या तासात पोरीनं खायला हवं. झोपेतल्या पोरीला काय खाऊ घालणार? म्हणून तिनं तानुबाईला शिकवलं. म्हातारीनं आधी मोसंब्यावर हात बसवला, मग पोरीवर. हात हलका होता तिचा. आणि नातीवर जीवही होता, हे मी नाकारत नाही. नाकारलं असतं तर माझा राग थोडा तरी कमी झाला असता.

पण तानुबाईचा एक हट्ट होता, आणि तो चाळीला माहीत होता. पाण्याचा. नळाला कितीही गढूळ पाणी येऊ दे, तिच्या रांजणातलं पाणी चाळीत सगळ्यात निवळ. तुरटी फिरवायची, रात्रभर रांजणाला धक्का लागू द्यायचा नाही, सकाळी वरचं वरचं तांब्यानं काढायचं आणि खालचा गाळ झाडाला ओतायचा. जन्मभर हेच केलेलं. त्या बाईच्या हातात आपण अशी बाटली दिली जिच्यात खाली गाळ आणि वर निवळ पाणी.

पहिल्याच दिवशी तिनं वाद घातला होता, मी होते तिथं. "हा गाळ लेकराच्या अंगात घालायचा? तूच म्हंतीस न्हवं, कण दिसला की बाटली बाद?"

"आत्याबाई, कंपनीतल्या बाटल्या येगळ्या," कस्तुरा म्हणाली. "हितं कणातच औषध हाय. घोळल्याबिगर काढायचं न्हाई. माझी आण हाय तुमाला."

"बरं बरं. मला काय कळत न्हाई व्हय?" म्हातारी म्हणाली, आणि आम्हाला वाटलं विषय मिटला.

पुढच्या काही महिन्यांत एक गोष्ट घडायला लागली. पहिल्या पाळीचा आठवडा आला की विशी मलूल व्हायची आणि नळी विटकरी व्हायची. एका वेळी तर सबंध आठवडा नळी लालच. कस्तुरा दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी विचारलं, औषध रोज नीट घोळून देता ना? तानुबाई शेजारीच बसलेली. म्हणाली, "व्हय सायेब, घोळूनच देतो की." मग डॉक्टरांनी औषध वाढवून दिलं. घरच्यांनी असं सांगितल्यावर ते तरी दुसरं काय करणार?

जनरलचा आठवडा लागला. कस्तुरानं बाटली घोळली, वाढवून दिलेलं औषध मोजून काढलं आणि टोचलं. बाटली संपत आली होती. आठवड्याच्या मधल्या एका दिवशी पोर शाळेतून आली आणि घामाघूम होऊन झोपली. तानुबाई म्हणाली, खेळून दमलीय, झोपू दे. कस्तुरा कंपनीतून आली तेव्हा पोर उठेना. आमच्या ह्यांनी गॅरेजमधला एक टेम्पो काढला आणि पुण्याला नेलं. उपयोग झाला नाही. दवाखान्यातले म्हणाले, साखर फार खाली गेली, इंजेक्शन जास्त झालं.

इंजेक्शन कुणी दिलं होतं? आईनं.

मातीवरून परत आल्यावर खोलीत सगळे नातेवाईक बसले होते. भिवाभाऊचा धाकटा भाऊ ज्योतीराम, आकुर्डीच्या स्कूटरच्या कारखान्यात होता तो, बहीण दुर्गाबाई, आणखी कोण कोण. सगळ्यांसमोर तानुबाईनं छाती बडवली आणि म्हणाली, "माझ्या आठवड्यात पोर चालती-बोलती व्हती. हिच्या सुईनं गेली. आईनंच मारली माझी विशी." कस्तुरा भिंतीला टेकून बसली होती. तिला स्वतःलाही तसंच वाटत होतं. कुठं तरी माझं माप चुकलं, असं ती मला म्हणायची.

त्या दिवसापासून भिवाभाऊनं तिच्या हातचं पाणी सोडलं. भाकरी तिच्याच हातची खायचा, भाकरी थापायला दुसरं कोण होतं? पण पाणी नाही. जेवायला बसला की आई पेला भरून द्यायची, नाहीतर स्वतः उठून घ्यायचा. मला ह्याचा जो संताप यायचा तो सांगता येत नाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांना गावानं पाणवठ्याला हात लावू दिला नाही, त्या घरातला माणूस घरातल्याच बाईच्या हाताला विटाळ मानतो. एकदा मी तोंडावर बोलले त्याला. तर म्हणाला, "भाभी, तुमची पोर गेली असती म्हंजे कळलं असतं."

दर वर्षी विशीचा स्मृतिदिन करायचे. मेणबत्त्या लावायच्या, पंचशील म्हणायचं, खीर वाटायची. मी दारात बसायचे. पहिलं शील जीव न घेण्याचं. सगळे म्हणायचे आणि कस्तुरा तेवढ्यापुरती गप्प व्हायची. दुसऱ्यापासून तिचा आवाज सुरू व्हायचा. तिला वाटायचं, आपल्याला ते म्हणायचा हक्क राहिला नाही. आणि चौथं शील खोटं न बोलण्याचं, ते तानुबाई सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची. चोर तो चोर, वर शिरजोर.

सत्त्याहत्तर साली तानुबाईच्या पायाला जखम झाली आणि भरेना. तिलाही साखर निघाली. गोळ्यांनी भागलं नाही, म्हणून दवाखान्यानं इन्सुलिन लिहून दिलं. तीच बाटली, तोच पांढरा गाळ. टोचायचं कुणी, हा प्रश्नच नव्हता. घरात शिकलेले हात एकच होते, आणि म्हातारीचे हात आता थरथरत होते.

पहिल्या दिवशी सकाळी मी तिथंच होते, स्पिरीटचा कापूस धरून. भिवाभाऊ कामावर गेला होता. कस्तुरानं बाटली तळहातांत घेतली आणि घोळायला लागली. तेवढ्यात तानुबाईनं तिचं मनगट धरलं.

"अगं, ढवळतीस कशाला? सगळा गाळ वर येतुया. ठिव खाली, बसू दे. मग बाटली जराशी कलती कर आन् सुई वरच्यावर धर. वरचं निवळ तेवढं काढ. विशीला मी तसंच द्यायची. माझ्या हातनं पोरीला कधी गाळ गेला न्हाई."

तिच्या आवाजात कबुली नव्हती, फुशारकी होती. रांजणाबद्दल बोलायची तशीच बोलत होती.

कस्तुरानं विचारलं, "रोज तसंच?"

"रोज. माझ्या आठवड्यात रोज."

कस्तुरानं बाटली फळीवर उभी ठेवली. आम्ही तिघी बसून राहिलो. पांढरं हळूहळू खाली गेलं. मग कस्तुरानं म्हातारीनं सांगितलं तस्सं केलं. बाटली कलती केली, सुई वर धरली, निवळ पाणी काढलं आणि सासूच्या दंडात टोचलं.

"आता कशी शहाणी झालीस," तानुबाई म्हणाली.

मी कस्तुराला ओढत धुण्याच्या दगडाकडं नेलं. ती पांढरीफटक पडली होती. म्हणाली, "भाभी, त्या आठवड्यात बाटली ताकावाणी घट्ट दिसत व्हती. मला वाटायचं, मी चांगली घोळलीय." एवढे तिचे डोळे, मुंगी सुटायची नाही त्यातून. पण बाटली नेहमीपेक्षा जास्त पांढरी दिसली तर आई काय समजणार? आज औषध झकास मिसळलंय, हेच.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली आणि डॉक्टरांना विचारलं, कुणी आठवडाभर वरचं वरचं काढलं तर खालच्याचं काय होतं? डॉक्टर म्हणाले, तो आठवडा रोग्याच्या अंगात औषधच जात नाही, आणि सगळं औषध उरलेल्या थोड्या पाण्यात गोळा होतं. मग तेच कुणी घोळून टोचलं तर दुप्पट, तिप्पट जातं. माणूस मरेल.

तिनं घरी येऊन मला हे जसंच्या तसं सांगितलं. मग म्हणाली, "त्यांनी मागितलंय तेच देती मी त्यांना. निवळ."

मी म्हणाले, "दे." आज कुणी विचारलं तरी मी तेच म्हणेन.

रोज सकाळी ती बाटली बसू द्यायची आणि वरचं काढायची. तानुबाई समाधानानं दंड पुढं करायची. नळी विटकरी, मग वीट जळाल्यासारखी. पायाच्या जखमेला वास यायला लागला. दवाखान्यानं औषध वाढवून दिलं, अगदी विशीला दिलं तसंच. कस्तुरा बाटली उजेडात धरून बघायची. पाणी कमी होत होतं आणि खालचं पांढरं तेवढंच राहत होतं. माझ्याही लक्षात आलं ती कशाची वाट बघतेय. एके दिवशी ती बाटली घोळणार होती. खुदा माफ करो, मीही त्या दिवसाची वाट बघत होते.

आणि मग भिवाभाऊ बोलला. आईचा पाय बघून तो घाबरला होता. जेवताना बायकोकडं न बघता म्हणाला, "सुई नीट टोचतीस न्हवं? माझ्या पोरीचं केलंस तसं माझ्या आयेचं करू नकोस."

भिंतीपलीकडून मला ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी मी नळावर कस्तुराला म्हणाले, "आता थांबू नकोस. बाटली घट्ट झालीय. घोळ आणि टोच, संपव एकदाचं."

ती हंडा घासत होती. म्हणाली, "भाभी, म्हातारी मेली तर सांगंल कोण?"

"मी सांगेन. मी ऐकलंय."

"तुमी माझ्या मैत्रीण. तुमचं कोण खरं मानंल? म्हातारी मेली म्हंजे ह्या हातानं दोन मेली. पोरगी बी आन् सासू बी. त्यांच्या तोंडातनंच निघायला पायजे. सगळ्यांम्होरं."

लोक म्हणतात, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. इथं खोटं सोकावलं असतं. विशीचा दिवस जवळच आला होता. कस्तुरानं ठरवलं, तोवर थांबायचं. पण त्याच दिवशी तिनं म्हातारीसाठी दुसरी बाटली आणली, आणि म्हातारीला दिसू नये म्हणून तिच्याकडं पाठ करून, घोळून, बरोबर माप टोचायला लागली. तानुबाईला जिवंत ठेवायची होती ना. जुनी घट्ट बाटली तिनं वाळूतल्या मडक्यात तशीच ठेवून दिली.

त्या दिवशी सगळे जमले. ज्योतीराम आला, दुर्गाबाई आली, सात वर्षांपूर्वी त्या खोलीत बसले होते ते जवळजवळ सगळे. तानुबाई खाटेवर पाय लांब करून बसली होती. मेणबत्त्या लावल्या आणि पंचशील सुरू झालं. पहिलं शील आलं आणि कस्तुरानं ते म्हटलं. स्वच्छ, शेवटपर्यंत. दुर्गाबाईनं मान वळवून बघितलं. दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्याला कस्तुरानं हात वर केला.

"थांबा जरा. हे आत्याबाई एकट्या म्हंतील."

"आसं काय?" ज्योतीराम म्हणाला. "वहिनी, बरं वाटतंय न्हवं?"

कस्तुरानं मडक्यातून जुनी बाटली काढली आणि मेणबत्तीसमोर धरली, कंपनीत धरायची तशी. खाली जाडसर पांढरा थर, वर बोटभरही पाणी नाही. "आत्याबाई, ही तुमची बाटली. पयल्या दिवशी तुमी सांगितलं तसं रोज वरचं निवळ काढलं मी. आता एवढंच राह्यलंय." असं म्हणून तिनं ती तळहातांत घेतली आणि सगळ्यांसमोर घोळली. बाटली ताकासारखी झाली. मग तिनं पिचकारी भरली. "विशीला हेच गेलं. तुमी निवळ काढलं आन् राह्यलेलं मी टोचलं. निवळ काढणं बरोबर व्हतं, तर हे टोचून घ्यायला काय हरकत हाय? दंड करा म्होरं."

 तानुबाई त्या पिचकारीकडं बघत राहिली. मी तिचा चेहरा बघत होते, आणि तो क्षण मी पुरेपूर पाहिला. आधी तिला काही कळलं नाही. मग हळूहळू कळलं. तिनं दंड पदराखाली ओढून घेतला.

"नगं," ती म्हणाली.

"का नगं?"

"मरंन मी."

"मग विशी कशानं मेली?"

भिवाभाऊ मध्ये पडायला उठला. कस्तुरा त्याच्याकडं न बघता म्हणाली, "तुमी बसा. पोर तुमची बी व्हती." तो बसला.

तानुबाईचा हट्ट अजून सुटत नव्हता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. म्हणाली, "मला काय ठाव? मी चांगल्यासाठीच केलं."

"ते मला मान्य हाय," कस्तुरा म्हणाली. "गाळ वाटला, निवळ काढलं, ती चूक. चुकीचं मी काय म्हंत न्हाई. डॉक्टरांनी इच्यारलं तवा घोळून देतो म्हनालात, ती चूक न्हवती. आन् मातीवरनं आल्यावर ह्याच लोकांम्होरं काय बोललात? ते सांगा."

म्हातारी रडायला लागली. कुणी तिच्याजवळ गेलं नाही, तिची लेकसुद्धा. रडत रडत ती बोलली, आणि आवाज बारीक होता तरी सगळ्यांना ऐकू गेला. "मी घोळत न्हवते. सायबाला खोटं सांगितलं. पोर गेली तवा मला भ्या वाटलं, मीच झोपू दे म्हनाले व्हते, माझ्यावर यील. म्हनून हिचं नाव घेतलं. आईनं न्हाई मारली. माझ्या निवळ काढण्यानं गेली."

कस्तुरानं पिचकारी मोरीत रिकामी केली. बाटली दगडावर आपटून फोडली. मग हात धुतले, दुसरी पिचकारी उकळली, चांगली बाटली घेतली, तळहातांत घोळली आणि सासूला बरोबर तेवढंच टोचलं. अर्ध्या तासानं खीर दिली नाही, भाकरी दिली, साखरेचा आजार होता ना तिला.

लोक खाली मान घालून खीर खात होते. दुर्गाबाई कस्तुराच्या पायाशी येऊन बसली. भिवाभाऊ बराच वेळ पोरीच्या फोटोकडं बघत होता. मग त्यानं आपला पेला उचलला आणि सगळ्यांसमोर पुढं केला. सात वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिला नावानं हाक मारली.

"कस्तुरा, पाणी दे."

खोलीतल्या प्रत्येकाला कळलं त्याचा अर्थ काय. मला वाटलं, आता हिचा बांध फुटणार. ती काचेची पिचकारी फडक्यात गुंडाळत होती. तिनं वर बघितलं नाही.

"रांजण भरलेला हाय," ती म्हणाली. "वरचं निवळ हाय. आपल्या हातानं घ्या."

त्यानंतर तानुबाई चार वर्षं जगली. पायाची बोटं गेली, पाय वाचला. कस्तुरानं एक दिवस सुई चुकवली नाही. पण बाटली ती म्हातारीच्याच हातात द्यायची, दार उघडं ठेवून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. "घोळा, आत्याबाई," एवढंच म्हणायची. म्हातारी थरथरत्या तळहातांत बाटली घोळायची आणि रडायची. रोज. चाळीत लोक म्हणायचे, काय सेवा करते सून. मी हसायचे. एक्क्याऐंशी साली म्हातारी झोपेत गेली, तेव्हा मी कस्तुराला विचारलं, शेवटी माफ केलंस का? ती म्हणाली, "न्हाई." मी म्हणाले, बरं केलंस.

आता घरात दोघंच आहेत. ती त्याला ताट वाढते, भाकरी वाढते, कालवण वाढते. तो ताटाशेजारी अजून रोज रिकामा पेला ठेवतो आणि थोडा वेळ वाट बघतो. मग उठून रांजणाकडं जातो.